‘ळ’ला इस्त्री करू नये

मला ‘ळ’ काढायला सांगा, मी डोळे मिटून काढीन. पेनाने नव्हे, शून्य आणि एक वापरून. सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा आकडे. जिथे एक असेल तिथे दिवा लागतो, जिथे शून्य तिथे अंधार. वरची ओळ सगळी एकांची, ती शिरोरेषा. तिच्या मधोमध खाली उतरणारा देठ आणि देठाच्या दोन बाजूंना दोन गोळे. बाकीची मराठी अक्षरं मी पोटापाण्यासाठी काढली, ‘ळ’ मात्र जीव लावून काढला. माझ्या माहेरच्या आडनावात तो आहे, सासरच्या आडनावातही आहे, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत ज्या एकाच गोष्टीसाठी मी खरोखर भांडले, ती गोष्टही तोच होता.

भांडले म्हणजे नाकावर पदर ओढून कुरकुरले नाही, चांगली तोंडाला तोंड देऊन भांडले. स्वभावाला औषध नाही, आणि माझ्या घरच्यांनी ते शोधणंही सोडून दिलं आहे.

आमचा कारखाना म्हणजे हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. खाली जोडणीचं काम चालायचं, वर पोटमाळ्यावर आम्ही प्रोग्राम लिहिणारे बसायचो. आम्ही दिव्यांच्या पाट्या बनवत होतो. दवाखान्याच्या दारावर ‘डॉक्टर आहेत’ किंवा ‘डॉक्टर नाहीत’, दुकानावर ‘दुपारी बंद’, अशी अक्षरं ज्यांच्यावरून उजवीकडून डावीकडे सरकत जातात, त्या पाट्या. मालक स्वतः इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, राहायला पेठेत, डोक्यावर एक केस नाही आणि जिभेला हाड नाही. दिवे आणि वायरी आणायला ते स्वतः बुधवार पेठेत जायचे, कारण दुसऱ्या कुणी आणलेला माल त्यांना पसंत पडत नसे. स्वतः आणलेलाही फारसा पडत नसे.

सुरुवातीला आमच्या पाट्या इंग्रजीच होत्या. मराठी पाटी मागणारं पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मालक माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “तुमचं अक्षर बरं आहे. काढा.” ही त्यांच्याकडून मला मिळालेली जवळजवळ एकमेव शाबासकी, म्हणून शब्दन् शब्द लक्षात आहे.

मी आलेखाच्या कागदावर चौकोन भरत अक्षरं काढली आणि मग ती सी भाषेत लिहायला बसले. इथे एक अडचण होती. सीच्या नियमांत तेव्हा शून्य-एकचा आकडा सरळ लिहायची सोय नव्हती. रीत अशी की चार-चार आकड्यांचा गट करायचा आणि त्याचं एका चिन्हात रूपांतर करायचं. त्याला हेक्स म्हणतात. सोळा आकड्यांच्या जागी चार चिन्हं उरतात. आटोपशीर काम, पण त्यात अक्षर दिसत नाही. अक्षराचा नुसता हिशेब दिसतो.

आमचा कंपायलर, म्हणजे आम्ही लिहिलेलं यंत्राला समजावून सांगणारा प्रोग्राम, मात्र मोठ्या मनाचा होता. नियमात नसलं तरी आकड्याच्या पुढे शून्य आणि बी लावून, म्हणजे 0b0110 असं काही लिहिलंत तर मी सांभाळून घेईन, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत एका कोपऱ्यात लिहिलं होतं. मी ती सवलत दोन्ही हातांनी घेतली. प्रत्येक अक्षराच्या सोळा ओळी एकाखाली एक लिहिल्या. खुर्ची जरा मागे सरकवून डोळे बारीक केले की स्क्रीनवर शून्यांच्या गर्दीत एकांचा ‘क’ दिसायचा, ‘ख’ दिसायचा. एकदा माझी आई डबा द्यायला गाळ्यात आली होती. ती शाळेत मराठी शिकवायची. स्क्रीनकडे बघत म्हणाली, “तुझ्या ‘ण’चा काना आखूड झालाय.” तिला सी येत नव्हती. काना खरंच आखूड होता, मी तिथल्या तिथे दोन शून्यांचे एक केले.

असं सगळं सुखात चाललेलं असताना आमच्याकडे नवा टीम लीड आला.

तो कानपूरचा. एका मोठ्या कंपनीत काम करून आलेला, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, हुशार आणि मनाने अगदी स्वच्छ. हडपसरजवळच्या मांजरी गावात नव्या सोसायटीत घर घेतलं होतं. पुण्यात राहायचं तर मराठीच बोलायचं असं त्याने ठरवलं होतं आणि आम्ही हिंदीत विचारलं तरी तो मराठीतच उत्तर द्यायचा. फक्त ‘ळ’ त्याच्या जिभेवर चढत नसे. “मॅडम, आज वेल नाही, सकाली बोलू.” मी त्याला जीभ मागे वळवायला शिकवत असे. “वलवली,” तो म्हणायचा.

त्याच्या बायकोला दिवस गेले होते. ही बातमी त्याने पेढ्यांचा पुडा उघडत आम्हाला सांगितली, “एप्रिलमध्ये आमच्याकडे बाल येणार.” आता त्याच्याच हिंदीत बाल म्हणजे केस. मालकांनी टकलावरून हात फिरवला आणि पेढा उचलत म्हणाले, “आमच्याकडे आले तरी चालतील.” तो सगळ्यांत जास्त हसला. म्हणून त्याच्यावर रागावणं फार कठीण होतं. मी तरीही जमवलं.

त्याचं कारण होतं एक प्रोग्राम. मोठ्या कंपनीतून येताना त्याने कोड नीटनेटका करायचा एक प्रोग्राम बरोबर आणला होता. तुम्ही कसंही लिहा, हा त्यात सारख्या मोकळ्या जागा सोडतो, कंस जिथल्या तिथे बसवतो, ओळी एका मापाने मोडतो. मालकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ‘इस्त्रीवाला’ ठेवलं. लीडने नियम केला की इस्त्री झाल्याशिवाय कुणाचाही कोड साठवला जाणार नाही.

“अपवाद?” मी विचारलं.

“नाही मॅडम. एक अपवाद केला की दुसरा येतो.”

तत्त्व म्हणून यात काही चूक नव्हती. मालकांचा कोड तर असा होता की त्याला इस्त्री काय, भट्टीत घालायला हवं होतं. माझं म्हणणं इतकंच की माझी अक्षरं त्या ढिगात टाकू नका. पण ते मी तेव्हा नुसतं मनात म्हणाले, आणि मनात म्हटलेलं पुण्यातसुद्धा कुणी ऐकत नाही.

त्याच सुमारास मांजरीचे एक बसवाले आमच्याकडे आले. घरचा ऊस, थोड्या जमिनीवर इमारती उभ्या राहिलेल्या, आणि त्यातून यांनी बसगाड्या घेतलेल्या. हडपसरच्या कंपन्यांमधल्या लोकांची ने-आण त्यांच्या गाड्या करायच्या. त्यांना प्रत्येक बसच्या कपाळावर दिव्यांची मराठी पाटी हवी होती: मांजरी, माळवाडी, फुरसुंगी, काळेपडळ. त्यातलं काळेपडळ त्यांच्या मामाचं गाव, म्हणून पहिली पाटी त्याचीच दाखवा, असं त्यांनी सांगून ठेवलं. गुरुवारी दुपारी ते बघायला येणार होते.

गुरुवारी सकाळी मी मालकांबरोबर बुधवार पेठेत कनेक्टर बघायला गेले. इकडे लीडने ठरवलं की गिऱ्हाईक यायच्या आत सगळं घर झाडून घ्यावं, आणि त्याने माझी अक्षरं इस्त्रीवाल्याच्या हवाली केली.

इस्त्रीवाल्याला सीचे पुस्तकी नियम पाठ. शून्याच्या अंगाला चिकटलेला बी त्याने कधी पाहिलेलाच नव्हता. त्याने विचार केला की शून्य हा एक आकडा, तो इथे संपला. बी पासून पुढे कशाचं तरी नाव सुरू होतंय. दोन शब्द इतके चिकटून बसलेत हे बरं दिसत नाही. म्हणून त्याने दोघांच्या मध्ये जागा सोडली. 0b0110 चं 0 b0110 झालं. प्रत्येक अक्षरात, प्रत्येक ओळीत. शून्य आणि बी यांचा सरसकट काडीमोड. कंपायलर मोठ्या मनाचा असला तरी इतकंही सोसणारा नव्हता, त्याने शेकड्याने चुका दाखवल्या.

लीडच्या डोक्यात उपाय तयार होता. आधी सगळीकडचे ते बी आणि मधली जागा पुसायची, मग उरलेल्या शून्य-एकांचं छोट्या स्क्रिप्टने हेक्स करायचं. पहिली पायरी त्याने केली. दुसरी करणार इतक्यात घरून फोन आला, बायकोला तपासणीला न्यायचं होतं आणि त्याला त्याचा विसर पडला होता. तो हातातलं टाकून पळाला. आणि आमच्याकडे अशी व्यवस्था होती की दुपारी जे काही साठवलेलं असेल ते आपोआप तयार होऊन खाली जोडणीवाल्यांकडे जायचं आणि ते पाटीत भरायचे.

आता चूक असती तर कंपायलर अडला असता. पण अडला नाही, हीच तर गंमत. शाळेत आपण शिकतो की आकड्याच्या डावीकडच्या शून्याला काही किंमत नसते. सीमध्ये असते. डावीकडे शून्य लिहिलं की सी तो आकडा आठच्या हिशेबातला धरते. त्या हिशेबात शून्य आणि एक हे दोन्ही अंक चालतात, त्यामुळे बी पुसलेली माझी सगळी अक्षरं सीच्या दृष्टीने शुद्ध आणि सोवळी होती. आकडे फार मोठे आहेत अशी कंपायलरने ओळीगणिक सूचना दिली, पण सूचना वाचायची पद्धत आमच्याकडे नव्हती. ती कुणाकडे असते, मला माहीत नाही.

मालक आणि मी परत आलो तेव्हा बसवाले येऊन चहा घेत होते. मालकांनी स्वतः पाटीचं बटण दाबलं.

पाटीवर ठिपके आले. वर शिरोरेषेच्या जागी सारख्या अंतरावर ठिपक्यांची एक ओळ, खाली कुठे एक, कुठे दोन, कुठे काहीच नाही. आठच्या हिशेबामुळे अक्षराचा उजवा तुकडा तेवढा तिपटीने ताणला गेला होता, दर तिसऱ्या घरात एखादा दिवा लागत होता आणि डावीकडचं सगळं पाटीबाहेर पडून नाहीसं झालं होतं. हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की माझं ‘काळेपडळ’ दारासमोर घालायच्या ठिपक्यांसारखं उजवीकडून डावीकडे चाललं आहे.

बसवाल्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, रांगुळी झ्याक हाय. पन गाडी जानार कुटं?”

मालक शांतपणे म्हणाले, “ते ठिपके जोडले की कळतं. प्रवाशांना खडू आम्ही देऊ.” बसवाले मोकळेपणी हसले आणि सोमवारी पुन्हा येतो म्हणाले. पण गाडीत बसताना त्यांनी एवढं मात्र ऐकवलं की सोमवारी नाव दिसलं नाही तर पत्र्यावर रंगाने लिहून घेतलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी लीड अगदी पडलेल्या चेहऱ्याने आला. त्याने मालकांची माफी मागितली, माझी मागितली, जोडणीवाल्यांचीही मागितली. मग म्हणाला, याच्यावर कायमचा तोडगा आहे. पाटीच्या चिपबरोबर देवनागरी अक्षरांचा एक तयार संच फुकट मिळतो. हिंदीसाठी केलेला, सगळा हेक्समध्ये, इस्त्रीवाला त्याला बोटही लावणार नाही. माझी अक्षरं काढून तोच बसवावा. मी तो संच उघडला आणि यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. ‘ळ’ नव्हता. हिंदीला लागत नाही, त्यामुळे करणाऱ्याने तो कशाला करावा?

“‘ळ’ नाहीये यात,” मी म्हणाले.

“‘ल’ टाकू ना मॅडम. लोकांना कलेल.”

“कळेल.”

“तेच. कलेल.”

मी उठून उभी राहिले. माझी अक्षरं गेली असती तर वाईट वाटलं असतं, पण ते मी गिळलं असतं. कोड म्हणजे काही वारसाहक्काची शेती नव्हे. पण ‘ळ’शिवाय मराठी पाटी? मी म्हणाले की कमळ कमल होईल, बाई होईल ती. गाळा गाला होईल आणि आपण सगळे गालात बसून काम करू. मी आणखीही बरंच बोलले. आवाज खाली जोडणीपर्यंत गेला, कारण खालचं ड्रिल थांबलं. लीडलाही पहिल्यांदाच राग आला. तो म्हणाला, “मॅडम, एका अक्षरासाठी पूर्ण नियम तोडायचा का?” मी म्हणाले, “एका नियमासाठी पूर्ण अक्षर तोडायचं का?”

मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “सोमवारी पाटीवर काळेपडळ दिसलं पाहिजे,” ते म्हणाले. “‘ल’ चालतो का ते गिऱ्हाइकाला विचारा. घसे कशाला फोडताय?”

लीडने तिथूनच बसवाल्यांना फोन लावला आणि प्रामाणिकपणे विचारलं. फोनचा आवाज मोठा होता, उत्तर आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “आवं साहेब, काळेपडळचा मानूस कालेपडलच्या गाडीत बसायचा न्हाई. रुसंल आन् चालत जाईल.”

लीडने फोन ठेवला. “ठीक आहे,” तो म्हणाला, “त्या संचात ‘ळ’ मी स्वतः टाकतो. हेक्समध्ये. एकच तर अक्षर आहे.”

“काढा की,” मी म्हणाले. या दोन शब्दांत मी जितका दुष्टपणा भरता येईल तितका भरला होता.

शनिवारी अर्धा दिवस असतो, पण तो थांबला म्हणून मीही थांबले. मदतीला नव्हे, बघायला. खालून भडंग मागवलं आणि शेजारच्या टेबलावर पाय वर घेऊन बसले. त्याने कागदावर ‘ळ’ काढला, चौकोन मोजले, मनात गट केले आणि हेक्सच्या सोळा ओळी लिहिल्या. पाटीवर जो ‘ळ’ उमटला तो एक काच फुटलेल्या चष्म्यासारखा होता. डावा गोळा खालून उघडाच. त्याने सोळा ओळी पुन्हा तपासल्या. एक चिन्ह बदललं. आता देठ वाकडा झाला. आणखी एक बदललं, तर उजवा गोळाही गेला. तो चिडला नाही, बोट ठेवून एकेक चिन्ह पुन्हा मोजत राहिला. मला भडंग गोड लागेनासं झालं. मी पाय खाली घेतले, पण काही सांगायला तोंड उघडायच्या आत त्यानेच कीबोर्ड ओढला.

त्याने हेक्स पुसलं. मग शून्य, बी आणि पुढे सोळा आकडे, अशी एक ओळ लिहिली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी. सोळावी लिहून झाल्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली आणि डोळे बारीक केले. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

“मॅडम,” तो म्हणाला, “दिसतंय.”

डाव्या गोळ्याच्या तळाशी एक शून्य होतं. त्याने तिथे एक टाकला. गोळा बंद झाला. पाटीवर लखलखीत ‘ळ’ उभा राहिला. डावा गोळा उजव्याहून जरा मोठा, पण ‘ळ’च, दुसरं काही नाही. मग त्याने माझी जुनी फाइल उघडली, इस्त्रीच्या आधीची, आणि हळूहळू खाली जात मोठ्याने वाचायला लागला. “क. ख. ग. हा घ.” पहिलीतल्या मुलासारखा. ‘ण’ पर्यंत येऊन थांबला.

“इतके महिने मी याला डेटा समजत होतो,” तो म्हणाला. “वाचलंच नव्हतं.”

मला तो त्या क्षणी फार आवडला. तसं मी बोलणारही होते, पण त्याने पुढे जे सांगितलं त्याने सगळं बारगळलं. म्हणाला, इस्त्रीवाल्याला सांगायची सोय असते. ज्या ओळींना हात लावायचा नाही त्यांच्या वर एक ठरावीक सूचना लिहायची, की तो तिथे थांबतो. खाली दुसरी लिहायची, की पुन्हा सुरू होतो.

“हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“हो. पण अपवाद नाही असा नियम होता ना, मॅडम.”

नियम कुणी केला होता, हे मी त्याला माझ्या पद्धतीने समजावून सांगितलं. त्यातले निम्मे शब्द त्याला कळले नाहीत, हे दोघांच्या दृष्टीने बरंच झालं.

ती सूचना लिहायचं ठरलं तेव्हा मालक म्हणाले की नुसती यंत्राला सूचना देऊन भागणार नाही, माणसालाही द्यायला हवी, कारण यंत्र एकदा सांगितलेलं ऐकतं. त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला आणि लीडने तो अक्षरांच्या डोक्यावर लिहिला: ‘येथील अक्षरे हाताने काढलेली आहेत. इस्त्री करू नये. चुरगळलेली वाटल्यास आपला चष्मा तपासावा.’ खालची दुसरी सूचना, इस्त्री पुन्हा सुरू करायची, ती मात्र लिहायची राहून गेली. त्यामुळे अक्षरांच्या खालचा सगळा कोड कायमचा बिनइस्त्रीचा राहिला. तो मालकांचा होता. राहून गेली की राहू दिली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

माझी अक्षरं जागेवर परत आली, पण ‘ळ’ आता दोन झाले होते, एक माझा आणि एक त्याचा. लीडने न विचारता स्वतःचा पुसायला घेतला. मी त्याचा हात धरला आणि माझा पुसला. जो माझ्या आडनावात आहे, ज्याच्यावरून मी आदल्या दिवशी गाळा डोक्यावर घेतला होता, तोच मी माझ्या हाताने काढून टाकला. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू? पण ज्याने तो स्वतःच्या हाताने काढलाय तो त्याला यापुढे कुणाला हात लावू देणार नाही, एवढं मला समजत होतं.

सोमवारी पाटीवरून काळेपडळ डौलात सरकत गेलं. बसवाले कितीतरी वेळ बघत राहिले. “डावा गोळा जरा खाऊनपिऊन सुखी हाय,” ते म्हणाले, “पन मामाचं गाव हाय, चालायचंच.” आणि सगळ्या गाड्यांच्या पाट्या आमच्याकडेच राहिल्या. पुढे किती तरी दिवस संध्याकाळी हडपसरच्या नाक्यावर रिक्षांच्या गर्दीत उभी असताना समोरून ती बस यायची आणि तो ढेरपोट्या ‘ळ’ दोनदा माझ्यासमोरून जायचा.

अलीकडे म्हणे सीच्या नियमांत शून्याला बी लावायची रीतसर परवानगी मिळाली. सवलतीवर वाढलेलं ते पोर आता कायदेशीर झालं. नवे इस्त्रीवाले त्याला ओळखतात आणि अदबीने वागवतात. आमची ती सूचना आज कुणाला लागत नाही. लीडने ती काढायचं मला एकदा सुचवलं, आणि मग आपणच म्हणाला की इस्त्रीवाल्याने सोळा ओळी एकामागे एक जोडून अक्षरच मोडलं तर? राहू दे. ती अजून आहे.

पण मला सांगायचं होतं ते त्या एप्रिलचं. तोवर त्याला ‘ळ’ काढता येत होता, म्हणता मात्र येत नव्हता. मी रोज शिकवायची. सकाळ, वेळ, केळं, बाळ. तो म्हणायचा, सकाल, वेल, केलं. ‘बाळ’ तर तो म्हणतच नसे. मालकांकडे बघून नुसता हसायचा. तशात ते दोघं घरात एकटे, कानपूरहून त्याची आई यायची होती ती आजारपणामुळे येऊ शकली नव्हती, आणि शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी जरा काळजीचं सांगितलं होतं. तो कामात असायचा, पण फोन उलटा न ठेवता सुलटा ठेवायचा. दोन दिवस तो आलाच नाही. आम्ही कुणी त्याला फोन केला नाही. काय ऐकायला मिळेल याची भीती वाटत होती, मला तरी नक्कीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यापाशी पोचले तर मालक बाहेरच उभे होते. आत जात नव्हते. दाराच्या वर आमची एक जुनी पाटी टांगलेली असते, दिवे तपासायला ठेवलेली. वॉचमन म्हणाला, लीडसाहेब दवाखान्यातून आले, पाच मिनिटं वर गेले आणि परत पळाले.

पाटीवरून अक्षरं सरकत होती. ‘बाळ आलं. मुलगी. दोघी बऱ्या आहेत.’ मग पुन्हा पहिल्यापासून. ‘बाळ आलं.’ डावा गोळा उजव्याहून मोठा.

मला रडू आलं. मालक चष्मा पुसत होते, बहुतेक अक्षरं चुरगळलेली वाटली असावीत. तेवढ्यात माझा फोन वाजला. मागे दवाखान्याचा गलका होता आणि त्यातून त्याचा आवाज, कितीतरी थकलेला आणि कितीतरी खूश.

“मॅडम, पाटी वाचली?”

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. अभिनंदन, बायकोची काळजी घे, डिंकाचे लाडू मी करून आणते, तुझी आई नाही आली तर मी आहे. तोंडातून एकच वाक्य बाहेर पडलं.

“वाचली,” मी म्हणाले. “‘ळ’ बरोबर आहे.”